झुलीची मखमल

एप्रिलचा तिसरा आठवडा लागला की आमच्या प्रयोगशाळेत बेकरीसारखा वास भरतो. परीक्षा संपलेल्या असतात, कॉलेज निम्मं रिकामं असतं, आणि उरलेल्या मुली आपापले प्रबंध पुरे करायला यीस्टचं अन्न शिजवत बसतात. यीस्ट म्हणजे पाव फुगवतं तेच. दुपारनंतर हजिऱ्याच्या समुद्राकडून ओलसर वारा सुटतो, पडदे फुगतात, आणि मला आमच्या सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीतली आखाजी आठवते. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो. त्या सणाला सासरच्या लेकी माहेरी येतात. ज्यांना गावी जाता यायचं नाही त्यांच्यासाठी आमच्या गल्लीत गॅलरीच्या लोखंडी दांड्याला डागी साडीचा झोका बांधायचे. सुरतेत दुसरं काही मिळो न मिळो, डाग पडलेली साडी कुठल्याही घरात मिळते.

यंदा ही आठवण एका फोनने लवकर आली. माझी विद्यार्थिनी पूजा हिच्या आईचा फोन. तिने हिंदीत सुरुवात केली, मी गाव विचारलं, तिने धरणगाव सांगितलं, आणि मग आम्ही दोघी अहिराणीवर उतरलो. सांगणं थोडक्यात असं होतं की पूजाला एक स्थळ आलंय, लोक चांगले आहेत, पण त्यांना घाई आहे. घरच्यांनी त्यांना प्रबंध होईपर्यंत थोपवून धरलंय आणि पूजाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिची मामी मात्र तोंडाची मोकळी. ती कॉलेजपर्यंत पोचली तर मी सांभाळून घ्यावं.

"मॅडम, पोरगीनं मन लागेल शे कामम्हान," ती म्हणाली. "तिले काही कळू देऊ नका."

मी बरं म्हटलं. एवढं चटकन बरं म्हणायला नको होतं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मग मी उठून कपाटाचा खालचा कप्पा उघडला. तिथे मखमलीचे चौकोनी तुकडे घडी घालून ठेवलेले असतात, गडद तांबड्या रंगाचे, आता बरेचसे विटलेले. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याचा एक टाका आहे. तो टाका माझ्या मायने घातलाय.

माझं एमएस्सीचं शेवटचं वर्ष होतं. आमच्या मॅडम सुरतच्याच, गुजराती, बोलायला गोड आणि कामाला कडक. त्यांनी मला यीस्टच्या मुक्या जनुकांवर काम दिलं. जनुकं मुकी असतात हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती बिघडलेली असावीत असं वाटलं होतं. तसं मुळीच नाही. यीस्टच्या पेशी दोन प्रकारच्या, एक 'ए' आणि दुसरा 'अल्फा', आणि जोडी जमते ती ए आणि अल्फाचीच. पेशीने कोणत्या प्रकारचं व्हायचं हे गुणसूत्राच्या मधल्या एका जागेवर ठरतं. गंमत अशी, की त्याच गुणसूत्राच्या दोन टोकांपाशी दोन्ही प्रकारांच्या जनुकांच्या अख्ख्या प्रती पडून असतात. त्यात एक अक्षरही कमी नसतं. रानातल्या यीस्टला प्रकार बदलायचा झाला की ते टोकाकडची प्रत उतरवून मधल्या जागी बसवतं. बाकीचा सगळा वेळ त्या प्रती गप्प असतात.

मी हे घरी सांगितलं तेव्हा माय साड्या घेऊन बसली होती. भरतकामाच्या साड्यांच्या उलट्या बाजूला दोरे लोंबत असतात, ते कापायचं काम ती घरी आणायची. तिने पहिला प्रश्न विचारला तो, यातली पोरगी कोणती आणि पोरगा कोणता. मी म्हटलं तसं काही नसतं, दोघं सारखेच. तिला ही व्यवस्था फार आवडली. मग तिने कात्री थांबवून दुसरा प्रश्न विचारला.

"मंग त्या गप्प ऱ्हातस कश्या? बठ्ठं माहीत ऱ्हाईसन?"

सगळं ठाऊक असून त्या गप्प राहतात कशा, असं ती विचारत होती. सातवी शिकलेल्या माझ्या मायने कात्री हातात धरून जे विचारलं, तोच या विषयातला मुख्य प्रश्न आहे. मला तेव्हा तिच्या हुशारीचा अभिमान वाटला आणि आपल्याला हे आधी का सुचलं नाही म्हणून थोडा रागही आला. उत्तर असं आहे की त्या आपोआप गप्प राहत नाहीत. त्यांना गप्प ठेवावं लागतं. चार जनुकं आहेत, त्यांच्यापासून चार प्रथिनं बनतात, आणि ती मिळून त्या टोकाकडच्या प्रती झाकून धरतात. पिढ्यान्‌पिढ्या, पेशी कितीही वेळा दुभंगली तरी. त्या चारांतलं एखादं बिघडलं की दोन्ही प्रती एकदम बोलू लागतात. मग पेशीला स्वतःत ए पण ऐकू येतो आणि अल्फा पण, आणि तिची समजूत होते की आपलं लग्न होऊन गेलंय. ती कुणाकडे बघत नाही.

मॅडमकडे असा एक वाण होता. कुणाशीच जोडी न करणारा. चारांतलं कोणतं जनुक बिघडलंय ते मी शोधायचं होतं. युक्ती सरळ होती. चारही जनुकांच्या चांगल्या प्रती एकेक करून त्या वाणात घालायच्या. जी घातल्यावर तो पुन्हा जोडी करू लागेल, ती त्याची हरवलेली. मे महिन्याच्या शेवटी प्रबंध द्यायचा होता. नाही झाला तर वर्ष गेलं. आमच्या घरात वर्ष जाण्याचा अर्थ पुन्हा वर्ष मिळणार नाही असा होता, आणि तो सर्वांना माहीत होता. मोठेबाबा, म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, गावाहून दर फोनवर विचारायचे की पोरीचं शिक्षण अजून किती आहे. आप्पा माझे वडील. त्यांनी मोठेबाबांकडून मेअखेरपर्यंतचा शब्द घेतला होता.

जोडी जमते की नाही हे बघण्याचा मार्ग म्हणजे मखमल. एका ताटलीवर पेशींचे ठिपके वाढवायचे, त्यावर मखमलीचा तुकडा अलगद दाबायचा, आणि तो दुसऱ्या ताटलीवर टेकवायचा. त्या दुसऱ्या ताटलीत जोडीदार पसरलेले असतात आणि अन्न असं असतं की जोडी जमली तरच काही उगवावं. मखमलीची बारीक लव हजारो सुया असल्यासारखी पेशी उचलते आणि जशाच्या तशा उतरवते. मी हे हातवारे करून सांगितलं आणि आप्पांना ते सर्वांच्या आधी कळलं.

"छपाई शे," ते म्हणाले.

आप्पांनी तीस वर्षं माग चालवले. मागाच्या खटखटाटात त्यांचे कान गेले होते, म्हणजे पूर्ण नाही, पण इतके की त्यांना हळू बोलता येत नसे. त्यांची कुजबुज चार घरांपलीकडे ऐकू जायची. प्रयोगशाळेतली जुनी मखमल झिजून लव उडालेली होती हे त्यांना कळल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की कापडाची काळजी तू करू नको, कापड माझ्याकडे लागलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून ते मखमल घेऊन आले. काय मखमल होती ती. मोरपंखी, गालिच्यासारखी जाड, नजर ठरू नये अशी चमक. त्यांनी ती माझ्यासमोर झटकून उलगडली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी अजून विसरलेली नाही.

ती पॉलिस्टरची होती. सुरतेत दुसरी कशाची असणार? आमच्या शहराने साऱ्या देशाला पॉलिस्टर नेसवलं, आमच्या घराची चूलही त्याच्यावर चालली, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो धागा पाणी पीत नाही. मी चौकोन कापले, दाबाच्या वाफेत निर्जंतुक केले, ताटल्यांवर दाबले. लव चपटी बसली. ओल धाग्यात शिरण्याऐवजी थेंब होऊन घरंगळली आणि पेशी सगळ्या ताटलीवर फरफटल्या. निरोगी वाणसुद्धा उगवला नाही. मी दोन आठवडे माझ्या पेशींना, हाताला, नशिबाला दोष देत राहिले. मॅडमनी एक तुकडा बोटांत चोळला आणि शांतपणे विचारलं, "आ क्यांथी लावी?" कुठून आणलं, या प्रश्नाला मी बाजारातून असं उत्तर दिलं. माझ्या वडिलांनी असं म्हणायची हिंमत झाली नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

घरी मात्र सांगावं लागलं. आप्पांनी प्रयोगशाळेतला जुना झिजलेला तुकडा मागून घेतला, दोन बोटांत धरून त्याची कड उसवली, एक धागा काढून पिळला, जिभेला लावला. "सुती शे," ते म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू एखादा जुना ओळखीचा माणूस भलत्याच गावात भेटला. पुढचे चार दिवस पाळी संपली की ते सुती मखमल शोधत फिरले. कतारगामपर्यंत जाऊन आले. पडदेवाले, गादीवाले, तबल्याच्या गवसण्या शिवणारा एक जण, सगळ्यांकडे चमक होती, सूत कुठेच नव्हतं. इतक्या मोठ्या कापडाच्या शहरात त्यांना आपल्या मुलीपुरतं हातभर कापड मिळेना, हे त्यांच्या मनाला फार लागलं. मायने सांगितलं म्हणून मला कळलं. माझ्याशी ते एवढंच म्हणाले की आखाजीला गावी जाऊन येतो.

मला वाटलं सणासाठी जातायत. मी जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी झोका रिकामा हलत होता आणि मी सकाळी आमरस खाऊन प्रयोगशाळेत गेले. आप्पा ताप्ती लाइनच्या गाडीने अमळनेरला उतरले, तिथून गावी गेले, तिसऱ्या दिवशी परत आले. पिशवीत मांडे होते, मोठ्या आईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, खापरावर केलेले, आणि त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बैलाची झूल.

पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती. मोठेबाबांच्या जुन्या बैलजोडीची. बैल जाऊन बरीच वर्षं झाली होती, झूल पेटीत होती. कडेला आरसे आणि कवड्या, पण मधला पाठीवरचा मोठा भाग साधा, गडद तांबडा, अस्सल सुती मखमलीचा. तिला अजून बैलाचा वास येत होता. मायने आरसे उसवून डबीत ठेवले, मग झूल कितीदा धुतली याचा हिशेब नाही. रंग जायचा थांबेपर्यंत धुतली. चौकोन कापताना तिने प्रत्येक तुकड्यावरून तळहात फिरवला आणि लव कुठल्या बाजूला झोपते ते बघून त्या कोपऱ्यात पिवळा टाका घातला. "असा धर," ती म्हणाली, "ना ते उलटं पडी." छाप नेहमी एकाच दिशेने पडावा म्हणून आम्ही ताटल्यांवर पेनाने खूण करतो. कापडावरही खूण हवी, हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

त्या तुकड्यांनी छाप इतका स्वच्छ उतरवला की मॅडमनी दोनदा ताटली उजेडात धरून पाहिली. निरोगी वाण उगवला. बिघडलेला उगवला नाही. ज्यात पहिलं जनुक घातलं तो नाही, दुसरं घातलं तो नाही, चौथं घातलं तो नाही. तिसरं घातलेला ठिपका मात्र गोल, पांढरट, साखरेच्या बत्ताशासारखा फुगून वर आला होता. एक जनुक परत मिळालं होतं आणि घरातला गलका थांबला होता. मी त्या दिवशी रडले. मग ताटली झाकून घरी गेले आणि आप्पांना सांगितलं, आणि आप्पांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं, म्हणजे ते मायला म्हणाले.

प्रबंध झाला, नोकरी लागली, पुढे माझ्या मनाप्रमाणे लग्नही झालं. बऱ्याच वर्षांनी चुलतभावाच्या लग्नात हळदीच्या गडबडीत मोठ्या आईने सहज सांगितलं, की त्या आखाजीला मला बघायला पाहुणे ठरले होते. ठरले म्हणजे तारखेसकट. मोठेबाबांनी त्यांना शब्द दिला होता, मेअखेरचा करार मोडून. आप्पा गावी गेले ते थोरल्या भावाला नाही म्हणायला. आयुष्यात पहिल्यांदाच. ओसरीवर मोठा आवाज झाला, म्हणजे आप्पांचा नेहमीचाच, पण मोठेबाबा उठून आत गेले आणि दुपारी जेवले नाहीत. आप्पा परत निघाले तेव्हा त्यांनी जाता जाता, विचारायचं म्हणून, घरात कुठे सुती मखमल आहे का असं विचारलं. कशाला, म्हणून मोठ्या आईने विचारलं. पोरीला लागते, ते म्हणाले. तेव्हा मोठेबाबा आतून बाहेर आले, पेटी उघडली, आणि झूल त्यांच्या पिशवीत कोंबली. पुढेही त्याविषयी मला कधी बोलले नाहीत. त्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील.

मला हे ऐकून भरून आलं आणि लगेच संतापही आला. आप्पा, माय, माझा भाऊ, शेजारची सुमनमावशी, चौघांना ठाऊक होतं. चौघांनाच का? आप्पा गावाशी फोनवर बोलायला गच्चीवर जायचे, म्हणजे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दूधवाल्याला ठाऊक असणार. मला फक्त नाही, कारण मी प्रयोगशाळेत होते, आणि घरी आले की सगळे साड्यांविषयी बोलत. माझ्या आयुष्याचा प्रश्न होता आणि मलाच कुणी विचारलं नाही. मी सुरतेला परतल्यावर आप्पांशी भांडले. त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडूनच भांडावं लागतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुले सांगं असतं ते तू इच्यार करत बसती," ते म्हणाले. "मंग त्या तुन्ह्या पेशी कोन दखतं?"

माझ्या पेशी कुणी बघितल्या असत्या, हा त्यांचा प्रश्न मी अजून घेऊन बसले आहे. मुकी जनुकं शिकवताना मी मुलींना सांगते की शांतता म्हणजे काही न घडणं नव्हे, ते सतत चाललेलं काम असतं. हे वाक्य मी पुस्तकातून घेतलेलं नाही. पण त्या प्रतींना कुणी विचारत नाही हेही खरंच, आणि ते मला टोचत राहतं. आता आप्पांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मी लिंबायतला गेले की ते माझा हात धरून मोठ्याने विचारतात, जेवलीस का, आणि उत्तर तोंडाकडे बघून ओळखतात.

तर यंदा पूजाच्या आईला बरं म्हणून मी माझ्याच आप्पांच्या जागी जाऊन बसले. दोन दिवस मला धड झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि सांगितलं की प्रबंध होईपर्यंत मी गप्प राहीन, पण तो झाला की त्याच दिवशी तुम्ही स्वतः तिला सगळं सांगायचं, मामीच्या आधी. तिने लगेच कबूल केलं. मला वाटलं, मी सुधारणा केली. मागच्या पिढीपेक्षा थोडं बरं वागले.

त्या दुपारी पूजा छाप घ्यायला बसली होती. मी तिला झुलीचा एक तुकडा दिला आणि पिवळा टाका कुठल्या बाजूला ठेवायचा ते दाखवलं. तिने मखमल ठोकळ्यावर ताणून बसवली, ताटली हलकेच टेकवली, उचलली. हात छान आहे तिचा. मग मान वर न करता तिने विचारलं की मॅडम, आईचा फोन आला होता का.

प्रयोगाच्या वहीत खोटं लिहिलं तर मी गुण कापते. मी म्हटलं, "हो, गाव कुठलं ते विचारत होती." हे इतक्या मोठ्याने म्हटलं की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीने वळून पाहिलं.

पूजा हसली. तिने दुसरी ताटली पुढे ओढली.

"मॅडम, मला माहीत आहे सगळं. मामीनं होळीलाच सांगितलं," ती म्हणाली. "पण आईला कळू देऊ नका हं. ती इतकी जपते माझ्यासाठी, तिला वाईट वाटेल."

मी बरं म्हटलं. मग ती टाका स्वतःकडे करून मखमल दाबत राहिली आणि मी ताटल्यांवर तारीख घालत गेले.